हिरव्या स्क्रीनचा उजेड

आमच्या ओळखीचा एक मेकॅनिक होता. जुने टीव्ही, रेडिओ, टेपरेकॉर्डर, असली अडगळ दुरुस्त करायचा. कोणी काहीही घेऊन आलं की पहिला प्रश्न एकच, "फ्यूज बघितलात?" बायको तापाने फणफणली तेव्हा तिलाही त्याने हेच विचारलं, असं लोक सांगत. तीही ते कधी नाकारत नसे. म्हणून सगळे त्याला फ्यूजच म्हणत. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. भुतांचं सोडा, मीटरने दाखवल्याशिवाय तो टॉर्चच्या सेलवरही विश्वास ठेवत नसे. अशा माणसाने सांगितलेली गोष्ट आहे, पोरांनो, म्हणून तर तुम्हाला सांगतोय.

डिसेंबरातला पहिला शनिवार. रात्री आठच्या सुमाराला तो दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात एक बाई आल्या. सत्तरीच्या असाव्यात. घरी एक जुनं मशीन आहे, त्याचा स्क्रीन अंधूक होतो, आत्ता येता का, म्हणाल्या. उद्या सकाळी आलो तर चालेल का, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, आज मन घट्ट केलंय, उद्यापर्यंत टिकेल याची खात्री नाही. स्क्रीन दुरुस्त करायला मन कशाला घट्ट करावं लागतं, हे फ्यूजला कळेना. पण त्याने पिशवी उचलली आणि त्यांच्यामागे निघाला.

दोन गल्ल्या सोडून घर. जिना चढून वर एक लांबट खोली. खिडकीजवळ टेबल, टेबलावर टर्मिनल. तुम्ही ते पाहिलं नसेल. कॉम्प्युटरसारखं दिसतं, पण त्याला स्वतःचं डोकं नसतं. लांब कुठेतरी मोठा कॉम्प्युटर असायचा. तिकडचं इकडे दाखवायचं आणि इकडचं तिकडे कळवायचं, एवढंच याचं काम. आम्ही कारकुनांनी जन्मभर तेच केलं, फक्त आम्ही एवढे तापत नव्हतो. या घरचे काका एका गोदामाच्या कंपनीचं रात्रीचं काम घरी बसून करायचे, त्यासाठी कंपनीने ते दिलं होतं. पुढे कंपनी बुडाली. लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. हे परत मागायला कोणी आलं नाही.

काका त्याच्यासमोर स्वेटर घालून बसले होते. काळ्या स्क्रीनवर एक हिरवा ठिपका उघडझाप करत होता. मोठ्या कॉम्प्युटरकडे जाणारी तार केव्हाच तुटलेली, तरी मशीन चालू. त्यांनी मान वळवली नाही. "हिने बोलावलंय तुम्हाला. करा काय करायचं ते," म्हणाले.

काकूंनी फ्यूजला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. लाडाचं नाव ठमी. तिला बापाशिवाय झोप येत नसे, म्हणून तिची लहान कॉट त्याच खोलीत, टेबलासमोर. स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर यायचा. मग ती झोपेतच उठायची, पुढचं बटण फिरवून उजेड कमी करायची आणि परत जाऊन पडायची. काका पुढचं काम डोळे ताणून करत, पण बटण पुन्हा वाढवत नसत. सातव्या वर्षी ठमी तापाने गेली. त्याला आता तीस वर्षं व्हायला आली. कॉट मात्र तिथेच होती. काकू रोज त्यावर तिची पांघरायची चादर ताणून घालत.

दोन वर्षांपूर्वी काकांनी सहज मशीन लावलं. जेवणं झाली, ठमीची झोपायची वेळ झाली, आणि उजेड आपोआप कमी झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तेव्हापासून काका रात्री अंथरुणाला पाठ टेकवत नव्हते. पहाटेपर्यंत खुर्चीत. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलेलं.

"एक दिवस असेच खुर्चीतल्या खुर्चीत जातील," काकू म्हणाल्या. "एक गेली. दुसरं माणूस नाही घालवायचं मला. मशीनमध्ये बिघाड आहे, एवढं त्यांना दाखवून द्या."

हे फ्यूजच्या हातचं काम होतं. त्याने मागचं झाकण काढलं आणि स्क्रीनसमोर काकूंचा आरसा उभा केला, म्हणजे मागून काम करताना पुढचं दिसतं. एक हात खिशात घातला. असल्या मशीनच्या आत जबर दाबाची वीज असते. दोन्ही हात घालणारे मेकॅनिक म्हातारे होत नाहीत. मग तो वाट बघत बसला.

नऊ वाजून गेले आणि उजेड उतरू लागला. हळूहळू. ठिपका विझत चालल्यासारखा झाला.

फ्यूजने बटण तपासलं. ते हललं नव्हतं. भिंतीतून येणारी वीज ठीक होती. तो एकेक भाग मीटरने बघत गेला आणि शेवटी तांदळाच्या दाण्याएवढ्या एका रेझिस्टरपाशी थांबला. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून त्याला लावला. रेझिस्टर गार झाला, उजेड चढला. मग डाग द्यायची तापलेली सळई जवळ नेली, म्हणजे सोल्डरिंगची. उजेड उतरला.

"काका, हा बघा," फ्यूज म्हणाला. "मशीन तास-दीड तास चाललं की हा तापतो. तापला की वीज अडवतो. बाकी काही नाही."

त्याने ते पुन्हा करून दाखवलं. चढला. उतरला. काका बघत होते.

"असं होय," ते म्हणाले.

फ्यूजने मशीन बंद करून नवा रेझिस्टर बसवला. जुना पकडीने मोडून दोन तुकडे केले. ही त्याची सवय होती; खराब भाग मोडून टाकला की चुकून चांगल्यांत मिसळत नाही. मशीन लावलं. स्क्रीन लख्ख झाला. खोलीभर हिरवा उजेड पडला, भिंतीवर, काकांच्या चेहऱ्यावर, कॉटवर.

तो थांबून राहिला. अकरा वाजले. साडेअकरा झाले. उजेड तसाच.

"चला, झोपा आता," काकू म्हणाल्या. काका शहाण्या मुलासारखे उठले. दारापाशी थांबले.

"दोन वर्षं मी तिच्याशी बोलत होतो गं," ते म्हणाले. "तिथे कोणीच नव्हतं."

काकूंनी दाराची चौकट धरली.  मग फ्यूजजवळ येऊन त्यांनी अगदी खाली आवाजात विचारलं, "तो जुना… परत बसवता येईल?"

फ्यूजने टेबलावरच्या दोन तुकड्यांकडे पाहिलं.  

मान वर करावी म्हणून केली, तर समोर कॉट.

चादर हलली होती.

मघाशी ती उशीच्या अलीकडेच संपत होती. ताणून बसवलेली. आता उशी दिसत नव्हती. चादर वरपर्यंत आली होती. उशीवरून… पार कॉटच्या दांडीपर्यंत. खाली उंचवटा नाही. काही नाही. उजेड डोळ्यांवर आला की मुलं डोक्यावरून पांघरूण ओढतात. तशी.

खिडकी बंद होती. कॉटजवळ कोणी गेलं नव्हतं.



काकूंनी पाहिलं. काकांनी पाहिलं. काकू टेबलाकडे गेल्या. त्या मशीनला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. बटण चाचपडून शोधलं. फिरवलं. उजेड उतरला. आणखी उतरला. डोळे ताणल्याशिवाय दिसणार नाही एवढाच राहिला.

"झोप," त्या म्हणाल्या.

मग कॉटला टेकून खाली जमिनीवर बसल्या. काका येऊन खुर्चीत बसले. फ्यूजला निघायचं होतं, पण दाराची वाट कॉटला लागून जात होती. हत्यारांच्या पिशवीवर बसून त्याने रात्र काढली. सबंध रात्र कोणी उठलं नाही. कसला आवाज झाला नाही.

उजाडलं तेव्हा चादर खाली आली होती. छातीशी घ्यावी तेवढी. उशी मोकळी होती आणि तिला एक लहानसा खळगा पडला होता. मधोमध नव्हता. खुर्चीच्या बाजूलाही नव्हता. अगदी कडेला होता, खाली जमिनीवर आई बसली होती, त्या कडेला.