डाव्या दाराचा स्पीकर

सकाळपासून मिस्त्रीचं डोकं फिरलं होतं. एवढीशी गाडी, डिकीत नवाकोरा अ‍ॅम्प्लिफायर, आणि स्पीकरमधून सारखी सूंऽऽ! इंजिनाला रेस दिली की सूं आणखी चढायची. वीस वर्षं गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या माणसाला यात नवीन ते काय? अर्थची वायर नीट बसली नसणार, दुसरं काय! त्याने पत्र्याचा रंग खरवडून काढला, वायर पुन्हा आवळली. सूं होतीच. आवाजाची वायर बॅटरीच्या वायरीपासून सोडवून गाडीच्या दुसऱ्या अंगाने नेली. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आवाज वाढवायचा खटका, पार खाली आणला. तरी ही बया आपली चालूच.

"मसणात जा!" तो डिकीवर खेकसला. पाच वाजता गाडीचा मालक येणार होता.

तपासायला तो गाणी लावत नसे. गाण्यात दोष लपतो, म्हणायचा. तो लावायचा बायकोचा आवाज. एक ते दहा आकडे, तिने कधीतरी हसत हसत मोजलेले. पुढे वर्षभरात तिचा घसा बसला. "होईल गं बरा, हातातल्या गाड्या उरकू देत," असं म्हणत याने दवाखाना चार महिने लांबवला. ऑपरेशनने जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून तो अधूनमधून विचारायचा, "रागावलीस का गं माझ्यावर?" ती हसून नकारार्थी मान हलवायची. त्याचा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडायचा.

दुपारी त्याने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आठ, नऊ, दहा. आणि मग त्या सूंच्या आडून, "अकरा."

मागे घेऊन ऐकलं. दहाच होते. आता कानही गेले की काय, म्हणून तो स्वतःवरच वैतागला. एकेक स्पीकर सोडवत गेला. शेवटी डाव्या दाराचा तेवढा उरला.

"बारा," दार म्हणालं.

त्याने तिरीमिरीत फ्यूज उपटला. अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा विझला. सकाळपासून पहिल्यांदाच सूं थांबली.

"तेरा."

आवाज स्वच्छ होता. आकड्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

तेवढ्यात बायको दुकानात आली. त्याचा घरी राहिलेला चष्मा घेऊन आली होती.

"अगं, ऐकलंस?" त्याने विचारलं.

तिने गोंधळून मान हलवली.

"नाही," दार म्हणालं. तिचे ओठ मिटलेले होते.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि मागोमाग डोळे भरून आले. दोन वर्षांनी तिचा आवाज!

"दमलीस?"

तिने मान डोलावली.

"हो," दार म्हणालं.

दाराचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, हे त्याला कळलं. त्याने फ्यूज मुठीत घट्ट धरला. विचारल्याशिवाय राहवेना.

"रागावलीस का गं माझ्यावर?"

ती नेहमीसारखी हसली. नेहमीसारखी मान हलवली.

दार म्हणालं,

"हो."

ती अजून हसतच होती, आणि त्याच्या कॉलरवरची धूळ हलक्या हाताने झटकत होती.