ये वो माय

इकडं सरका रे पोट्टेहो. चिंतामणची गोष्ट सांगतो, अन् मधात कोनी बोलाचं नाई.

चिंतामण माया दोस्त. अकोल्याले त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चौसष्ट साली, त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, अकोटचे बापूसाहेब वकील सोता दुकानात आले. त्यायच्या घरी विजेवर चालनारा पियानो होता, मेव्हण्यानं विलायतेतून आनलेला. पोरगी वाजवाची, तारा नाव तिचं. कोजागरीले टायफाईडनं पोरगी गेली, अन् त्याच आठवड्यात पियानोही मुका झाला. तवापासून तिची माय दुर्गाबाई अन्नाले शिवत नव्हती. 'तो वाजला तर जेवीन,' एवढंच म्हने. डॉक्टरनं हात टेकले होते.

"चिंतामणराव," बापूसाहेब म्हनले, "तिचा जीव आता तुमच्या हातात आहे."

येवढा मोठा मानूस असं म्हनल्यावर कोन नाई म्हनन? संध्याकाळच्या यष्टीनं चिंतामण अकोटले गेला.

त्यानं झाकन उघडलं. आत पोलादाच्या पट्ट्या असतात. वरची पांढरी पट्टी बोटानं दाबली का आत हातोडी बसते अन् थ्या थरथरतात, अन् थो बारीक आवाज व्हॉल्व्ह मोठा करतात. आपल्या जुन्या रेडिओतले काचेचे दिवे पाहेले ना, थेच व्हॉल्व्ह. एक कंडेन्सर फुगला होता, थो बदलला. दिवे पेटले. पर आवाज नाई. दहा वाजले, अकरा वाजले. बापूसाहेब बाहेर ओट्यावर बसले होते. बाई आतल्या खोलीत निजून.

आता चिंतामणची एक खोड होती. मशीन हट्टाले पेटली का थो तिच्याशी लाडीगोडीनं बोले. "ये वो माय, ये. किती रुसशीन? सारे तुहीच वाट पाहून राहिले." दुकानात आमी हसत होतो त्याले. पर थे दुकान होतं बापा. हे पोरगी गेलेलं घर. आपुन कोनाले बोलावून राहिलो, याचा इचारच नाई केला बयताडानं.

स्पीकर घुरघुरला. मंग एक सूर निघाला. खनखनीत.

चिंतामण खुशीत वरडला, "आला! जीव आला!" मेस्तरी लोक असंच म्हनतात, मशीन चालू झाली का.

आतून बाईचा आवाज आला. "कोणाचा?"



मंग त्याच्या ध्यानात आलं. त्याचे दोनी हात पियानोच्या आत होते. सूर कोनी वाजवला?

त्यानं पिन खेचली. दिवे इझले. व्हॉल्व्ह उपसला, हात भाजला, तरी मुठीत धरला. आता आवाज निघूच शकत नव्हता...

दुसरा सूर. तेवढाच मोठा.

पांढरी पट्टी खाली गेली... वर आली... बाजूची खाली गेली.

दारात दुर्गाबाई उभ्या होत्या. महिन्यात पहिल्यांदा उठल्या होत्या.

"बाई... नका जाऊ तिकडं. हात जोडतो."

"तुम्हीच बोलावलंत ना तिला?" बाई म्हनल्या. रागानं नाई. आभार मानावं तशा. "आता बाहेर बसा."

अन् दाराले आतून कडी लावली.

बापूसाहेब ओट्यावर रडून राहिले होते, खुशीनं. "वाजतोय हो! आता जेवेल ती." चिंतामणच्या मुठीत व्हॉल्व्ह. सांगावं कसं? रातभर दोघं आयकत बसले. कधी एकीचं वाजे... कधी दोघीचं...

तांबडं फुटलं अन् आवाज थांबला. हाका मारल्या. ओ नाई. दार फोडलं.

बाई पियानोवर डोकं टेकून बसल्या होत्या. अंग थंड पडलं होतं. चेहरा मातर पोट भरून निजल्यासारखा.

ओठावर भाताची शितं होती. ओली. त्या घरात त्या राती भात शिजलाच नव्हता.

अन् शितायले काळे तीळ लागले होते.