डावा मागचा दरवाजा

उत्कर्षाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या मेलेल्या गाडीच्या छतावरून हात फिरवत होता… डोळे मिटून.

थेरगावात, डांगे चौकाच्या अलीकडे, बरकतचाचांचं डेंटिंगचं गॅरेज आहे. टोचन लावून गाडी तिथेच आणून ठेवली होती. आठ दिवसांपूर्वी कुरुळी फाट्याजवळ ती रांगेत उभी असताना मागून कंटेनर आला. पुढे टेम्पो होता, मध्ये उत्कर्षाची गाडी. तिचं स्वतःचं उजवं मनगट मुरगळण्यावर निभावलं. गाडीचं मात्र विम्याच्या सर्व्हेअरने दोन शब्दांत आटोपलं : टोटल लॉस. भंगारवाला यायच्या आत आपलं सामान काढून घ्यावं, म्हणून ती आली होती.

“गाडी माझी आहे,” ती म्हणाली. जरा कडकच.

त्याने डोळे उघडले, पण हात काढला नाही. “मग हिचे आभार माना,” तो म्हणाला. “पुढून गेली, मागून गेली. छत मात्र जागचं हललं नाही.”

मग त्याने शर्टाच्या खिशातून एक पांढरा सुती हातमोजा काढला. धुतलेला, घडी घातलेला. सीटखाली एकच सापडला, म्हणाला. गेले तीन दिवस त्याला प्रश्न पडला होता, की एवढा पातळ मोजा घालून माणूस करतं तरी काय? थंडी तर त्याने अडत नाही.

उत्कर्षाने सांगितलं. चाकणच्या एका मोटार कारखान्यात ती तपासनीस होती. पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि डोळ्याला न दिसणारा उंचवटा, खळगा हाताने शोधायचा, हे तिचं काम. मोजा असला की हात अडखळत नाही, नुसता सरकतो. सात वर्षांत तिने पास केलेला एकही दरवाजा परत आला नव्हता. हे सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली.

“चाचा वर्तमानपत्राचा कागद धरतात हाताखाली,” तो म्हणाला. “म्हणजे आपलं काम एकच.”

“एक कसं? मी खराब पत्रा शोधते. तुम्ही तो लपवता.”

पलीकडे स्टुलावर बसलेले बरकतचाचा चष्म्यावरून बघत हसले. “घे रविराज. आता दे उत्तर.”

रविराजही हसला, आणि ते हसू तिला उगाचच आवडलं. जाता जाता तिने विचारून घेतलंच, ही दुरुस्त होऊ शकेल का? सात वर्षांची सोबत होती. पहिल्या पगारावर कर्ज काढून घेतलेली.

तो गाडीपुढे उकिडवा बसला, आत वाकून बराच वेळ बघत राहिला. “दिसायला उभी करीन,” तो म्हणाला. “कुणाला ओळखू येणार नाही. पण पुढचा सांगाडा वाकलाय… तुम्हाला हिच्यात बसू देणार नाही.”

बसू देणार नाही, म्हणे. एरवी असं बोलणाऱ्याला उत्कर्षाने जागच्या जागी सुनावलं असतं. त्या दिवशी मात्र रहाटणीला घरी पोचेपर्यंत ते तीन शब्द तिच्याबरोबर होते.

घरी आप्पा होते. तिचे वडील, सोपानराव. रहाटणीच्या जुन्या घरांपैकी एक घर, आता शेताच्या जागी सोसायट्या आणि दारात दोन मोठ्या गाड्या. आप्पांचं म्हणणं सरळ होतं. लग्न होईपर्यंत कंपनीच्या बसने जावं. लग्नात ते मोठी नवी गाडी देणारच होते. ती कोणती, कुठल्या रंगाची, हे ते ठरवणार, आणि किल्ली जावयाच्या हातात जाणार. उत्कर्षाला छोटी हवी होती, वापरलेली चालेल, पण स्वतःच्या कमाईची आणि स्वतःच्या हाताने निवडलेली. तीन दिवस घरात जेवणावर हाच विषय. चौथ्या दिवशी आप्पांनी अट घातली.

“ठोकलेल्या गाडीत माझी पोरगी बसायची न्हाई. दसऱ्याच्या आत धडक न लागलेली गाडी हुडकून दाखव. त्यात तुझा हात चुकला, तर मग मी म्हनंल ते ऐकायचं.”

“माझा हात चुकत नाही, आप्पा.”

“त्येच तर बघायचंय.”

दसऱ्याला पाच रविवार उरले होते. वरचा पत्रा ती बघणार होती, खालचं बघायला कुणीतरी हवं होतं. उत्कर्षाला एकच नाव सुचलं, आणि ते इतक्या चटकन सुचलं, की तिने मुद्दाम एक दिवस मध्ये जाऊ दिला.

पहिल्या रविवारी निगडीत एका गृहस्थांनी शपथेवर सांगितलं, की गाडी बायकोच्या हातची आहे, दळण आणि देऊळ यापलीकडे गेलेली नाही. उत्कर्षाने मोजा चढवला आणि तिसऱ्या फेरीला बोनेटवर बोट ठेवलं. गृहस्थ रागावले. त्यांच्या मागे उभी असलेली बायको मात्र हळूच म्हणाली, “यांनीच धडकवली होती.” परत येताना मोटारसायकलवर दोघं इतकी हसली, की काळेवाडीच्या पुलावर रविराजला गाडी बाजूला घ्यावी लागली.

दुसऱ्या रविवारी त्याने रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून तरी आणलं होतं. तिने ते त्याच्या हातातून घेतलं, त्याच्याच खिशात परत ठेवलं. “मी असताना हे कशाला?” ती म्हणाली. त्या दिवशी तिने दोन गाड्या नाकारल्या. दोन्ही वेळा त्याने मागाहून गुपचूप मीटर लावून पाहिलं. दोन्ही वेळा ती बरोबर होती. तिला ते दिसलं होतं, पण ती बोलली नाही, कारण मीटरकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिला हवंच होतं.

तिसऱ्या रविवारी गाडी दारात तयार, मालक हजर, आणि पावसाची सर. ओल्या पत्र्यावर सगळंच गुळगुळीत लागतं. हात लबाडी करतो. तेव्हा गाडी सुकेपर्यंत थांबणं आलं. समोरच्या टपरीच्या पत्र्याखाली दोघं उभी राहिली.

“ओली गाडी आणि नटलेली नवरी बघून निर्णय घेऊ नये, असं चाचा म्हणतात,” रविराज म्हणाला.

“आणि नवरा?”

“नवरा ग्रीस लागलेलाच बघावा. पुढं फसगत नको.”

तिने त्याच्या कोपरापर्यंत माखलेल्या हाताकडे एकदा पाहिलं, मग पावसाकडे. चहा आला. त्याने ग्लास तिच्या डाव्या हाताच्या बाजूला ठेवला. मनगटाबद्दल त्याने एकदाही विचारलं नव्हतं, पण गेल्या तीन रविवारी कुठल्याही गाडीचा जड दरवाजा त्याने तिला ओढू दिला नव्हता.

कंपनी का सोडली, हे तिने तेव्हा विचारलं. आयटीआय करून तो अकरा महिने एका कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, हे चाचांकडून कळलं होतं.

“दिवसाला चारशे दरवाजे निघायचे,” तो म्हणाला. “एकही माझा नव्हता. आता महिन्याला चार होतात… चारही ओळखतो.”

“मला तर फक्त खराब तेवढे ओळखू येतात.”

“मग माझ्याकडं फार वेळ बघू नका, मॅडम.”

ती बघत होती, हे त्याला कळलं होतं तर. उत्कर्षाने चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. गाडी सुकली तेव्हा तिची डिकी वाकडी निघाली, आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. एक रविवार वाढला होता.

चौथा रिकामा गेला. पाचवा शेवटचा. पाचव्या रविवारी आप्पा स्वतः निघाले. अट त्यांची होती, निकालही त्यांच्यासमोर लागायला हवा होता.

गाडी चिंचवडला होती, चापेकर चौकाच्या मागे. मालक अण्णासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. राखी रंगाची छोटी गाडी, आत पुस्तकांचा वास. ते तिचे दुसरे मालक होते. आता डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे चालवत नव्हते. ऊन लख्ख होतं. उत्कर्षाने मोजा चढवला, बोनेटपासून सुरुवात केली. डावीकडून मागे, डिकी, उजवीकडून पुढे, शेवटी छत. चाळीस मिनिटं गेली. रविराज गाडीखाली होता, त्याचे फक्त बूट दिसत होते. दुसऱ्या फेरीला उत्कर्षाचा हात कुठेच थांबला नाही. तिसऱ्या फेरीला तिला हसू आवरेना.

“आप्पा, ही,” ती म्हणाली. “हिला कधी कुणी बोट लावलेलं नाही.”

आप्पांनी मान डोलावली. ती डोलावताना त्यांच्या मिशीखाली अभिमान होता, आणि तो लपवायला ते अण्णासाहेबांशी कागदपत्रांचं बोलू लागले. उत्कर्षाला वाटलं, पाच रविवारांचं सोनं झालं. तिने रविराजकडे पाहिलं. तो गाडीखालून निघून हात पुसत उभा होता. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता.

“सांगाडा?” तिने विचारलं.

“एकदम सरळ. कुठं वेल्ड नाही, काही नाही.” मग हलक्या आवाजात, “डावा मागचा दरवाजा… पुन्हा एकदा बघा.”

तिने पाहिला. वरून खाली, आडवा, तिरपा. मोजा काढून उघड्या हाताने पाहिला. काही नव्हतं. तिला मनगटाची शंका आली. दुखऱ्या हाताने दगा दिला असेल का? तिने डाव्या हाताने पाहिलं. काहीच नाही.

“त्यात माझा हात आहे,” रविराज म्हणाला. “तीन वर्षांपूर्वी. पहिल्या मालकाकडं असताना खांबाला घासून दबला होता. आत घडी पडली होती. हातोडी आणि ठोकळ्यावर काढला, चिमूटभर पुट्टी लावली नाही. रंग चाचांचा. अकरा दिवस लागले.”

आप्पा चार पावलांवर होते, पाठ करून. त्यांनी ऐकलं नव्हतं. अण्णासाहेबांनाही ठाऊक नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. मीटर ज्याचं त्याला परत गेलं होतं. गाडी चांगली होती, सांगाडा सरळ होता. उत्कर्षा गप्प राहिली असती तर किल्ली तिची होती.

“का सांगितलंत?” ती कुजबुजली. आवाजात राग होता, आणि राग कुणावर हे तिला कळत नव्हतं.

“तीन वर्षं वाटत होतं, खऱ्या जाणकाराच्या हाताखालून ते काम जावं. आज गेलं.” तो खाली बघत म्हणाला. “तेवढ्यावर गप्प बसून बघितलं, मॅडम… जमेना.”

उत्कर्षाने मोजा घडी करून पर्समध्ये टाकला. मग ती चालत आप्पांसमोर गेली. सात वर्षांत पहिल्यांदा तिला हे वाक्य बोलायचं होतं, आणि ते तिने मान खाली न घालता उच्चारलं.

“आप्पा, मी हरले. एक दरवाजा ठोकून काढलेला आहे. माझ्या हाताला कळला नाही. अजूनही कळत नाहीये.”

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, आपल्याला हे माहीत नसल्याचं दोनदा सांगितलं. आप्पांनी मात्र तिकडे लक्ष दिलं नाही. “मंग तुला सांगितलं कुनी?”

तिने रविराजकडे बोट केलं. “ज्याने काढला त्यानेच.”

आप्पा गाडीपाशी आले. तरुणपणी चाकणच्या बाजारात बैल घेताना ते पाठीवरून जसा हात फिरवत, तसाच त्यांनी त्या दरवाजावरून फिरवला. सावकाश, दाबून, शेवटपर्यंत. बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवून पाहिलं.

“मला बी न्हाई घावलं,” ते म्हणाले. मग रविराजकडे वळले. “गप बसला असतास तर कुनाच्या बापाला कळलं नसतं. तुजंच काम, तूच उघडं केलंस?”

“व्हय, काका,” रविराज म्हणाला. “पत्र्याला कळू नये म्हणून अकरा दिवस घालवले. माणसाला कळू नये म्हणून नाही.”

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग लेकीकडे. “अट काय व्हती?”

“माझा हात चुकला तर तुम्ही म्हणाल ते ऐकायचं,” उत्कर्षा म्हणाली. डोळ्यांसमोर कंपनीची बस होती, आणि त्यामागे ती मोठी नवी गाडी.

“मंग ऐक. हीच घे.”

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“सांगाडा सरळ हाय म्हनतोय न्हवं? मंग झालं. गाडी कवातरी ठोकतीच, पोरी. काडनारा कोन हाय, त्ये बघायचं.” आप्पा चपला सरकवत फाटकाकडे निघाले, आणि जाता जाता, कुणाकडेही न बघता, म्हणाले, “आन् ह्याला घरला चहाला बोलाव एकदा. आपल्या दारातल्या गाड्या बी बघंल.”

दसऱ्याला दुपारी राखी गाडी थेरगावात गॅरेजपुढे उभी राहिली. बोनेटवर झेंडूची माळ, आरशाला आपट्याचं पान. रहाटणीपासून उत्कर्षा एकटी चालवत आली होती. बरकतचाचांनी गाडीला एक फेरी मारली, डाव्या मागच्या दरवाजापाशी किंचित थांबले, समाधानाने “हं” म्हणाले, आणि त्यांना अचानक कुठेतरी जायचं आठवलं.

रविराज गाडीपाशी आला. आज त्याचा शर्ट इस्त्रीचा होता आणि हात घासून घासून लाल झाले होते.

“ग्रीस कुठे गेलं?” तिने विचारलं. “फसगत व्हायची माझी.”

“कशात?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. सात वर्षं खराब तेवढं ओळखायची सवय… आणि समोरच्या माणसात तिला तसं काही सापडत नव्हतं. पाच रविवार तिने कसून शोधलं होतं.

“घडी नेमकी कुठे पडली होती?” तिने दरवाजाकडे वळत विचारलं.

“मोजा घाला.”

“आज नाही आणला.”

त्याने क्षणभर वाट पाहिली. मग तिचा उजवा हात मनगटाला न दुखवता अलगद उचलला, दरवाजावर टेकवला, आणि त्यावर स्वतःचा ठेवला. उन्हाने पत्रा कोमट झाला होता. दोन्ही हात मिळून सावकाश खाली सरकले, खिडकीच्या कडेपासून मुठीपर्यंत, मुठीपासून आणखी खाली… आणि थांबले.

“इथं,” तो म्हणाला. “काही लागलं हाताला, मॅडम?”

“उत्कर्षा,” ती म्हणाली. “आणि नाही लागलं काहीच…”

तिने हात काढून घेतला नाही.

“पुन्हा दाखव.”