छापेचा आठवडा

सकाळी उठून अंगणात गोगलगाई फोडायच्या, हेच वैजनाथचं त्या आठवड्याचं काम होतं. पुढ्यात एक फरशी, हातात कणसं बडवायची लाकडी मोगरी आणि समोर बदकाची डझनभर पिवळी पिल्लं. गोगलगाय फरशीवर ठेवायची, मोगरी उचलायची, "हाण!" म्हणून ओरडायचं आणि हाणायचं. शंखाचा चुरा व्हायचा, आतला लिबलिबीत ऐवज मिशीपर्यंत उडायचा. पिल्लं माना तिरप्या करून एका डोळ्यानं बघायची आणि मग तुटून पडायची.

"पप्पा, मी हाणू?" सहा वर्षांची शर्वी विचारायची.

"तू नको. ह्यांची आई मी हाय. मॅडमनी सांगितलंय, एकच आई."

"मिशावाली आई," त्याची बायको अश्विनी चुलीपासून म्हणायची.

पण त्याला इलाज नव्हता. सोयाबीनला दोन पानं फुटली की शंखी गोगलगाई यायच्या आणि सकाळपर्यंत वावर साफ करायच्या. औषध टाकलं तर कुत्री मरायची, मोर मरायचे, गोगलगाई तशाच. मग संशोधन केंद्रातल्या खंदारे मॅडमनी ही बदकं काढली. बदकाचं पिल्लू जन्मल्यावर जे पहिलं हलताना बघतं त्याला आई मानतं, हे तर जुनंच. मॅडमनी त्यांच्या मेंदूत असा काही बदल केला, की ती छाप नुसती 'आई कोण' एवढ्यावर थांबायची नाही. आई काय मारते, कसं मारते, तेही पिल्लू उचलायचं. चोचीला टोकही दिलं, शंख फोडण्याएवढं.

"पहिला आठवडा पिल्लाच्या डोक्याचं दार उघडं असतं," मॅडमनी टोपली देताना सांगितलं होतं. "तेवढ्यात फक्त गोगलगाई दाखवा. नंतर दार बंद. मग जन्मभर तेच."

"एवढंच ना?" वैजनाथ म्हणाला होता.

बदकं पाळायची त्याच्या घरात कुणाला सवय नव्हती. पहिल्याच दिवशी शर्वीनं हौसेनं पिल्लं बादलीत पोहायला सोडली आणि ती भिजून लटलटा कापायला लागली. वैजनाथनं घाबरून मॅडमला फोन लावला.

"आईच्या अंगाचं तेल त्यांच्या पिसांना लागतं, म्हणून ती भिजत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या अंगाला कुठलं तेल?"

"खोबरेल लावू का?"

"नको हो! पुसून बल्बखाली ठेवा."

मग टॉवेलात एकेक पिल्लू पुसताना ह्या दांडग्या गड्याचा हात इतका हलका झाला, की अश्विनी बघतच राहिली. हेच हात तिनं दुसऱ्या कामातही बघितले होते.

वैजनाथच्या रागाला धाकट्या भावाशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. उद्धव. आई गेली तेव्हा उद्धव रांगत होता. वैजनाथनं त्याला खांद्यावर बसवून वाढवला, त्याचं लग्न लावलं. मग वाटणी झाली, मधे बांध आला, आणि बांध आला की काय होतं ते आपल्याकडं सांगावं लागत नाही.

त्याच आठवड्यात उद्धवच्या आपोआप चालणाऱ्या ट्रॅक्टरनं बांधाची एक पट्टी कापली. वैजनाथनं घरातून ते बघितलं आणि हातात होती ती मोगरी घेऊनच निघाला. मागं पिल्लांची रांग. त्यामागं शर्वी.

"बांध कुठं गेला रे?"

"ट्रॅक्टर उपग्रहाच्या नकाशावर चालतो, दादा. मी हात पण लावला नाही."

"उपग्रहाला बाप दाखवू का तुझा?"

"बाप काढू नको. तुझा पण तोच हाय."

एवढ्यावर हसून विषय संपला असता. पण उद्धवनं फावडं उचललं, वैजनाथच्या दंडाला पातं चाटून गेलं, रक्त आलं आणि मग काही राहिलं नाही. पहिली मोगरी खांद्यावर बसली. हाड वाजलं. उद्धव चिखलात पालथा पडला आणि हातागुडघ्यांवर सरपटत आपल्या वावराकडं निघाला.

"हाण!" वैजनाथ ओरडला. कुणाला ओरडला, त्यालाही ठाऊक नाही. तोंडाला सवय लागली होती. त्यानं सरपटणाऱ्या भावाच्या पाठीत मोगरी घातली. परत "हाण!" आणि परत. शेवटी लोक धावले.

बांधावर पिल्लं ओळीनं उभी होती. माना तिरप्या, एकेक डोळा रोखलेला. त्यांच्यामागं शर्वी उभी होती.

बदकं मोठी झाली आणि त्यांनी वैजनाथचं वावर धुऊन काढलं. ओळीनं शिरायची, टोकदार चोची खालीवर, आणि शंख फुटल्याचा कडकडाट घरापर्यंत यायचा. उद्धवचं सोयाबीन मात्र गेलं. त्याचा खांदा सांधला होता, पण हात वर होत नव्हता. वैजनाथ रोज बांधाकडं बघायचा. बदकं पलीकडं घालावी असं त्याच्या मनात यायचं, पण आधी तोंड उघडायचं कुणी? उद्धवनं एकदा बांध ओलांडून यावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. हे तो बायकोलाही बोलला नाही, पण दोन वेळा जेवताना भाऊ जेवला असेल का, असं पुटपुटला होता.

दसऱ्याला उद्धव आला. धुतलेली कापडं, चांगल्या हातात आपट्याची पानं.

"दादा, सोनं घे," तो म्हणाला. "झालं ते झालं. माझंही चुकलंच."

वैजनाथनं दोन्ही हात पुढं केले. पानं घेतली, नुसती मान हलवली. आणि उद्धव थोरल्याच्या पाया पडायला वाकला. खांदा धड नव्हता, म्हणून तोल सांभाळायला त्यानं एक हात जमिनीला टेकला आणि गुडघ्यावर बसला.

हौदापाशी बदकांच्या माना वळल्या.

ती ओरडली नाहीत. सरळ आली. पहिली चोच मानेत बसली, दुसरी कानात. उद्धव पालथा झाला आणि हातागुडघ्यांवर सरपटायला लागला. तेच चुकलं. डझनभर चोची एकदम खाली आल्या.

"सोडा! अरे सोडा!" वैजनाथ किंचाळला. हा शब्द त्यांना कुणी शिकवला नव्हता. त्यानं दाराआडची मोगरी ओढून डोक्यावर उचलली, बदकं हाकलायला. आईनं मोगरी उचलली हे बघून बदकांना दुप्पट जोर आला. उद्धवच्या चेहऱ्यावरून रक्ताची धार फुटली. तेव्हा वैजनाथच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यानं मोगरी फेकली आणि भावाच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं, लहानपणी पावसात त्याला झाकायचा तसं.

बदकं थांबली. आईला ती चोच लावत नव्हती.

अंगाखालून उद्धव म्हणाला, "शिकवून ठेवलंस व्हय रे, दादा?"

एक डोळा गेला.

खंदारे मॅडम आल्या. सगळं ऐकून घेतलं. "ही छाप पुसता येत नाही," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं नेली तरी हातागुडघ्यांवर आलेला माणूस दिसला की हेच होणार. आम्ही नेतो, सुई देऊ."

"मी वाढवलीत. मीच करतो."

त्यानं मोगरी उचलली. बदकं धावत आली, भोवती गोल करून बसली, शेपट्या हलवत, माना तिरप्या. आज आई काय दाखवते? वैजनाथ शेवटपर्यंत "हाण" म्हणाला नाही. दात आवळून हाणत गेला. एकही पळालं नाही.

तो हात धूत होता तेव्हा मॅडम मागून म्हणाल्या, "तुमची मुलगी… त्या दिवशी बांधावर होती?"

"व्हय." तो थबकला. "माणसाचं दार किती दिवस उघडं असतं, मॅडम?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही."

पुढं एके दिवशी उद्धवचा चार वर्षांचा आरुष कुणालाही न सांगता बांध ओलांडून आला. बदकं बघायला; ती मेलीत हे त्याला ठाऊक नव्हतं. हौदाच्या चिखलात त्याचा पाय घसरला आणि तो हातागुडघ्यांवर पडला. वैजनाथ गोठ्यात होता. त्यानं मान वळवली तर शर्वी पोराच्या डोक्याशी उभी. तिच्या दोन्ही हातांत मोगरी.

तिनं बापाकडं बघितलं. मान तिरपी केली आणि थांबली.

वैजनाथ ओरडला नाही. सावकाश चालत आला, तिच्यासमोर चिखलात गुडघे टेकले, पुतण्याचे हात धोतराला पुसले. एकेक बोट, टॉवेलात पिल्लू पुसावं तसं. पुसताना तो पोराकडं बघतच नव्हता. लेकीच्या डोळ्याकडं बघत होता. ती बघत तर होती. पण तिचं दार अजून उघडं होतं का?