दोराचा तिसरा हिसका

हे घडलंय. पटो न पटो. ज्याच्यावर बेतलं तो भट्टीवाला अजून त्याच कारखान्यात आहे, आणि तो दारूला शिवत नाही.

कडाक्याच्या थंडीतला रविवार होता. भर दुपार, पण धुक्यामुळे दिवे लावलेले.

हा कारखाना लाकडावर चालतो. लाकडाच्या ढलप्या जाळायच्या, वाफेवर वीज काढायची, उरलेलं गरम पाणी पाइपांतून घरांना आणि इस्पितळाला द्यायचं. ढलप्या उंच कोठारात भरतात. ओल्या निघाल्या की एकमेकींना धरून बसतात. खालच्या ढलप्या भट्टीत निघून जातात, वरचा थर अधांतरी राहतो.

वरून सपाट दिसतं. खाली पोकळी.

मग कुणीतरी कमरेला दोर बांधून शिडीवरून आत उतरतो आणि सळईनं थर फोडतो. बाहेर जोडीदार दोर धरून उभा. दोर हातातून सोडायचा नाही. दोन हिसके म्हणजे 'ये'.

भट्टीवाल्याची जोडीदार त्याची बायकोच होती. दोन हिसके दिले की ती जरा थांबून तिसरा द्यायची. हलकासा. उगाच.

"आत डुलकी लागली असेल तुम्हाला, म्हणून!" म्हणायची.

उन्हाळ्यात ती गेली. साध्या तापाचं निमित्त.

त्या रविवारी ढलप्या अडकल्या. वाफ उतरायला लागली. फोरमन धावत आला. आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणत.

"उतरतोस का? इस्पितळ गार पडलंय."

"उतरतो. पण दोर सोडू नका, दादा."

"सोडीन कसा? तू गेलास तर तुझी पाळी मलाच करावी लागेल!"

तो हसला. आत उतरला.

सळईनं थराला एक भोक पडलं, बाकी काही हललं नाही. ओल्या लाकडाचा वास. बाहेर भोंगा गाणं गुणगुणत होता.

मग... ते थांबलं.

"दादा?"

त्यानं सळई थांबवून कान दिला.

कमरेला दोन हिसके बसले. तो वर जायला वळला.

आणि... तिसरा. हलकासा.

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यानं वर पाहिलं. कोठाराच्या वरच्या दाराकडे जाणारा दोर सैल लोंबत होता.

कमरेच्या गाठीखाली उरलेलं दोराचं टोक भोकातून खाली गेलं होतं.

ते ताठ होतं.

"अगं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

पुन्हा दोन हिसके. थांबून... तिसरा.

थरावर पाय ठेवला की काय होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं शिडीवरून एक पाय उचलला. भीती वाटत नव्हती.

"अरे, कुठे चाललास!"

भोंग्यानं सगळं बळ लावून त्याला वर ओढलं. त्याच क्षणी थर धाडकन खाली बसला.

"फोन वाजला म्हणून गेलो रे," भोंगा म्हणाला. "दोर कठड्याला बांधला होता. चुकलो."

कोठार रिकामं होईपर्यंत भट्टीवाला खाली, ढलप्या भट्टीत नेणाऱ्या पट्ट्याशी उभा राहिला. एकेक ढलपी डोळ्यांखालून भट्टीत गेली.

लाकडाशिवाय काही निघालं नाही.

संध्याकाळी इस्पितळ पुन्हा गरम झालं. पण त्या दिवसापासून ढलप्या अडकल्या की भट्टीवाला दुसऱ्या कुणाला उतरू देत नाही. उतरतो, भोक पाडतो, दोराचं टोक त्यात सोडतो आणि सळई बाजूला ठेवतो...

"झालं का रे?" भोंगा वरून ओरडतो.

"थांबा, दादा," तो म्हणतो. "जरा थांबा."