मी नाहीसे केलेले कागद

घरातील साठ वर्षांचे कागद संगणकात घालायचे ठरले, तेव्हा नियम मीच घालून दिला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढे माणूस आणि शेवटी विषय. रोज दुपारी सूनबाई कागद स्कॅन करी, मी नाव सांगे, ती टंकत असे.

"आई, पंख्याच्या हमीपत्रालासुद्धा माणूस हवा?"

"पंखा कोणी आणला?"

"मामंजींनी."

"मग तसे लिही. वाद घालू नकोस."

दिवसअखेर मी कागदांचा आकडा वहीत टिपत असे. तिसऱ्या दिवशी वहीत दोनशे बारा होते, पडद्यावर दोनशे चौदा. वाढलेल्यांपैकी एक माझे सहावीचे प्रगतिपुस्तक होते; दुसरे, मी उत्तर न दिलेले धाकट्या बहिणीचे पत्र. दोन्ही मी फार पूर्वीच फाडून टाकली होती. नावे अचूक घातलेली होती. सूनबाईच्या हातून महिना आणि दिवस हटकून उलटे पडतात. येथे तसे झाले नव्हते.

"हे तू घातलेस?"

"मी कशाला? मला वाटलं, तुम्हीच सकाळी गुपचूप बसलात."

मला संगणकात नाव शोधता येते, पण स्कॅनर चालवता येत नाही. हे मी तिला सांगितले नाही.

त्यानंतर रोज एक-दोन कागद वाढत गेले. सगळे मी स्वतः नाहीसे केलेले.

त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या मुलाच्या पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "पूर्वी कधी भूल दिली होती का?"

दिली होती. तो चार वर्षांचा असताना, टॉन्सिलसाठी. त्या औषधाने त्याचा श्वास थांबला होता.

"औषध कोणतं, आठवतंय?"

मला आठवत नव्हते. त्याला घरी आणले, त्याच दिवशी मी दवाखान्याचा तो कागद जाळला होता. असले काही माझ्या घरात नको होते.

"आई, नका हो जिवाला लावून घेऊ," घरी आल्यावर सूनबाई म्हणाली. "उद्या काळजी घेतील ते."

"संगणक लाव."

तिने थोरल्याचे नाव आणि ‘भूल’ एवढेच टंकले. एकच कागद आला. त्यावर जळाल्याची खूण नव्हती. औषधाचे नाव स्वच्छ वाचता येत होते.

डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला. "आम्ही हेच देणार होतो."

त्यांनी औषध बदलले. चौथ्या दिवशी थोरला आपल्या पायांनी घरात आला.

"आई, तुझ्या दप्तराने वाचवलं बघ मला. आता हुकूम सोडायला मोकळी!"

"बडबड पुरे. पडून राहा."

तो झोपल्यावर मी संगणकापुढे एकटीच बसले. त्याचे सगळे कागद एकदा डोळ्यांखालून घालावेत, एवढाच हेतू होता. नाव टंकले. यादी वर्षांच्या क्रमाने उतरत आली.

आजच्या तारखेशी ती थांबली नाही.

सर्वांत खाली एक कागद होता. विषय : मृत्यूचा दाखला.

मी तो उघडला नाही. फक्त वर्ष पाहिले आणि बोटांवर मोजले. थोरला तेव्हा एक्याण्णव वर्षांचा असेल.

मग त्याचे नाव पुसून मी नुसता विषय शोधला.

आधी गेलेल्यांचे दाखले आले. ते ओळखीचे होते. त्यांच्याखाली माझा होता. त्यानंतर बरीच वर्षे मोकळी आणि मग मुलांचे, सुनेचे. प्रत्येक जण म्हातारा होऊन गेलेला. त्यांच्यापैकी माझ्याआधी कोणीही नाही.

आयुष्यात इतके हायसे मला कधी वाटले नव्हते.

माझ्या दाखल्यावरची तारीख येत्या शुक्रवारची होती.

मी सूनबाईला हाक मारली. "उरलेल्या दोन पेट्या गुरुवारपर्यंत संपवायच्या."

"अहो आई, एवढी कसली घाई? सावकाश करू की महिनाभर."

"गुरुवारपर्यंत," मी म्हणाले आणि पुढचा कागद तिच्या हातात दिला.