तिसऱ्या आसनाखालची ठिबक

आनिएल्लो चावी मागायला आला तेव्हा मी कोबी चिरत बसले होते. सोमवार होता, नोव्हेंबरची सतरा तारीख, संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. समुद्राकडून तो कोंदट वारा सुटला होता. तो सुटला की भिंतींना घाम येतो आणि दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत. दार उघडंच होतं. आमच्या गल्लीत घर म्हणजे एकच खोली, त्यामुळे दार तेच आणि खिडकीही तीच.

"तिता मावशी, चावी दे गं."

"कसली चावी? उद्या आठला कब्रस्तानातून तुझ्या आईला काढायचंय ना?"

"आठला. माहितेय मला. मधे चौदा तास आहेत, तेवढ्यात मी चंद्रावर जाऊन येईन."

"चंद्रावर जा, परत नाही आलास तरी कुणी रडणार नाही. पण आजच्या दिवस खाली उतरू नकोस."

खाली म्हणजे गल्लीच्या तोंडाशी जे जुनं चर्च आहे, त्याच्या तळघरात. माझ्या सासूने चाळीस वर्षं ते झाडलं, तिच्यामागे मी. म्हणून चावी माझ्या घरी, येशूच्या तसबिरीमागच्या खिळ्याला.

पोरांनो, तुम्ही त्या तळघरात गेलेला नाहीत आणि जाऊही नका. भिंतीत सहा दगडी आसनं कोरलेली आहेत. प्रत्येक आसनाच्या मधोमध भोक, आणि भोकाखाली दगडाचं भांडं. पूर्वी आपल्या नेपल्सात मेलेल्या माणसाला तिथे बसवायचे. आडवं नाही, बसवायचे. डोकं भिंतीच्या खोबणीत, हात मांडीवर. आणि मग त्याच्या अंगातलं सगळं... हळूहळू... खालच्या भांड्यात गळायचं. महिनोन्महिने. एक साधू रोज येऊन भांडी रिकामी करायचा. माणूस कोरडा झाला की हाडं धुऊन ठेवायची. माणूस कोरडा झाला म्हणजे सुटला. ओला आहे तोवर त्याचा जीव ना वर ना खाली, मधेच होरपळत पडलेला.

इम्मा, तोंड वाकडं करू नकोस. जेवण झालंय ना तुझं? मग ऐक.

माझी सासू झाडून झालं की एका आसनावर स्वच्छ पाण्याचा पेला ठेवायची आणि म्हणायची, "गारवा मिळो तुम्हाला." एवढंच. होरपळणाऱ्याला दुसरं काय हवं असतं? मीही तेच करत आले. पेला घासून, चौकातल्या नळाचं ताजं पाणी.

आता आनिएल्लो. हा नुन्झियाचा एकुलता एक. नुन्झिया माझी शेजारीण, भिंतीला भिंत, पंचावन्न वर्षांची ओळख. पोरगा गाइड झाला. गर्दीला घेऊन छत्री नाचवत फिरणारा नव्हे. हा एकेकट्याचा गाइड. एक पाहुणा, नाहीतर एक जोडपं, तीन तास पायी. समुद्राच्या किल्ल्यापासून निघायचं, जुन्या गल्ल्या, वाटेत तळलेला पिझ्झा, आणि शेवट आमच्या तळघरात. दिवे बंद करून, हातात मेणबत्ती. "बाकीचे जे दाखवत नाहीत ते मी दाखवतो," म्हणायचा. पाहुणे बाहेर यायचे ते पांढरेफटक, आणि खूश.

का खूश, ते मला त्या रात्री कळलं. तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हा मेला माझ्याकडून दर आठवड्याला खारवलेल्या मासळीचं पाणी मागून न्यायचा. मला वाटायचं, गल्लीतल्या मांजरांना घालतो. तर नाही. त्यात शिळी कॉफी मिसळायची, प्लॅस्टिकच्या बाटलीत भरायची, बुचाला सुईने भोक पाडायचं, आणि तिसऱ्या आसनाच्या मागच्या फटीत ती उलटी खोचायची. मग अंधारात टप... टप... भोकातून खालच्या भांड्यात. वासही तसाच. पाहुण्याने विचारलं, हे काय, की हा छातीवर क्रूसाची खूण करून हळूच म्हणायचा, "गारवा मिळो." माझ्या सासूचा शब्द! पाहुणा थरथरायचा. आणि बाहेर येऊन हा त्याच हातांनी क्रीमचा पाव खायचा. मला आजही त्या हातांची किळस येते. मासळीचं पाणी मीच दिलं होतं, म्हणून माझ्याही हातांची येते.

पण आईवर जीव होता त्याचा, खोटं कशाला सांगू. शेवटच्या चार महिन्यांत नुन्झियाचे पाय भोपळ्यासारखे सुजले होते. हा रोज रात्री कापराचं तेल चोळायचा. सगळी गल्ली कापराने भरून जायची. शेवटी तिला घोटही गिळता येईना. तोंड कोरडं पडलं की ती जीभ टाळ्याला लावून आवाज करायची, चक्... चक्... आणि हा झोपेतून उठून चमच्याने पाणी सोडायचा तिच्या ओठांवर. दिवा न लावता. इतकी सवय झाली होती.

ती गेली त्याला बावीस महिने झाले होते. आमच्यात आता आसनं नाहीत, माती आहे. पण हिशेब तोच. दोन वर्षांच्या आसपास पेटी काढायची, घरच्यांसमोर उघडायची. कोरडी निघाली तर हाडं धुवायची, पांढऱ्या चादरीत बांधायची, भिंतीतल्या कायमच्या कोनाड्यात ठेवायची. सुटली. ओली निघाली तर झाकण बंद. पुन्हा माती, पुन्हा दोन वर्षं. त्या भीतीने आनिएल्लो चार रात्री झोपला नव्हता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तोंडाने मात्र चंद्राच्या गोष्टी.

"मावशी, पाहुणा डेन्मार्कचा आहे. म्हातारा, दातांचा डॉक्टर. पहाटे त्याचं विमान. त्याला आजच बघायचंय."

"मग त्याला किल्ला दाखव आणि झोपायला पाठव."

"किल्ला काय, पोस्टकार्डावरही दिसतो. दे ना गं. घरी बसून काय करू? भिंतीकडे बघू?"

हे तो ज्या आवाजात बोलला ना, त्याने मी विरघळले. दिली चावी. माझ्याच हाताने. वर म्हटलं, "स्वच्छ पेला घेऊन जा. पाणी ठेव. उद्या तुझ्या आईची पेटी उघडायची आहे."

"हो हो," म्हणाला. पेला तिथेच टेबलावर राहिला.

रात्री अकराला दहा मिनिटं कमी असताना माझं दार वाजलं. ठोठावलं नाही, कुणीतरी दारावर अंग टाकलं. उघडलं तर आनिएल्लो. उजवा हात अंगापासून लांब धरलेला, जणू तो त्याचा नव्हेच. मागे रस्त्यावर एक उंच म्हातारा उभा, हातात टोपी. तोच तो डॉक्टर.

आनिएल्लोने जे सांगितलं ते असं.

साडेनऊला दोघे खाली उतरले. मेणबत्ती लावली. पाचवी पायरी, सहावी पायरी, आणि टप... टप... सुरू. याने छातीवर क्रूसाची खूण केली. पण डॉक्टर काही घाबरला नाही. माणसांच्या तोंडात डोकावण्यात ज्याची चाळीस वर्षं गेली, तो काय घाबरणार? तो सरळ तिसऱ्या आसनाजवळ गेला, वाकला, हुंगलं त्याने, फटीत हात घातला आणि बाटली बाहेर काढली. हसला.

"हे तुमचे मेलेले लोक वाटतं?"

आनिएल्लोचे कान लाल झाले. "साहेब, जरा गंमत असते. सगळ्यांना आवडते."

"मलाही आवडली," डॉक्टर म्हणाला. "घ्या तुमची गंमत." आणि बाटली याच्या हातात दिली.

आनिएल्लोने बाटली सुलटी केली. भोक वर. दोघे हसले.

टप.

हसणं थांबलं.

टप.

बाटली याच्या हातात होती. सुलटी.

"आणखी एक लपवलीय?" डॉक्टरने विचारलं.

"नाही."

टप.

आनिएल्लोने मेणबत्ती खाली नेली. भांड्यात त्याचंच मघाचं काळं पाणी, बोटभर. त्यावर काहीतरी तरंगत होतं. तेलासारखं. पिवळं. आणि वरून... भोकातून... एक थेंब लोंबत खाली येत होता. पाण्यासारखा नाही. जाड. तुटत नव्हता. ओढला जात होता.

आसन रिकामं होतं.

याने बाटली काखेत धरली आणि उजवा हात पुढे केला. का केला, ते त्याला सांगता येईना. म्हणाला, खोटं आहे हे बघायचं होतं. तळहात भोकाखाली धरला.

पडला.

"कोमट होता, मावशी," तो म्हणाला. "अंगाइतका कोमट."

त्याने हात नाकाशी नेला. मला वाटलं आता म्हणेल, कुजलेल्याचा वास. कुजलेला होताच. गोडसर, जिभेवर बसणारा. पण त्याच्या खाली...

कापूर.

मेणबत्ती त्याच्या हातून पडली. अंधार. वाराही नाही. आणि त्या आसनावरून, बसलेल्या माणसाचं तोंड जितक्या उंचीवर असतं तितक्या उंचीवरून...

चक्... चक्...

थांबलं.

चक्...

आता काय सांगू. हा पोरगा विचार करत नव्हता. हात विचार करत होता. चार महिने अंधारात त्या आवाजाला जो हात उठायचा, तोच उठला. काखेत बाटली होती. बूच काढलं. पुढे केलं. ओतलं.

घुटक्.

एकच.

मग याच्या लक्षात आलं, बाटलीत काय आहे.

"मावशी," तो माझ्या दारात गुडघ्यांवर बसला होता, "मी तिला काय पाजलं? काय पाजलं मी तिला?"

टेबलावर स्वच्छ पेला तसाच होता. त्याच्याकडे बघवेना. माझ्याच बरणीतलं पाणी होतं ते, मासळीच्या सडक्या डोक्यांचं, आतड्यांचं. मी मोरीवर जाऊन ओकले, साठ वर्षांत पहिल्यांदा.

परत आले तर तो म्हातारा डॉक्टर दारात. त्याला आपली भाषा मोडकीतोडकी येत होती. हळूच म्हणाला, "बाई, खाली कुणीतरी आजारी आहे. तोंड फार कोरडं आहे. तो आवाज मी ओळखतो. कुणाला तरी पाठवा." आणि टोपी घालून गेला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आनिएल्लोची आई कशी गेली ते.

मी पेला घासला, नळावरून भरला, आणि एकटी खाली गेले. पेला आसनावर ठेवला. म्हटलं, "गारवा मिळो तुला, नुन्झिया." आवाज आला नाही. ठिबक नव्हती. मी अर्धा तास उभी राहिले. काही नाही. मघाचं ते बोटभर पाणीही नाही, भांडं कोरडं होतं.

सकाळी आठला आम्ही दोघं कब्रस्तानात. आनिएल्लोने उजव्या हातात मोजा घातला होता. पांढरी चादर मी इस्त्री करून नेली होती, चार कोपऱ्यांवर नुन्झियाने स्वतः भरलेली फुलं. खणणारा बियाजो, त्याने आमच्या गल्लीतली निम्मी माणसं बाहेर काढलीत. आधी डावीकडची एक पेटी निघाली, कुणा चांभाराची. कोरडा. उजवीकडची, एक शाळामास्तरीण. कोरडी, खडूसारखी. बियाजो म्हणाला, "माती चांगली आहे ही. काळजी नको, पोरा."

मग नुन्झियाची.

झाकण निघालं आणि बियाजोने तोंड फिरवलं. त्या माणसाने तोंड फिरवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ओली होती. नुसती ओली नाही. काल ठेवल्यासारखी. कपडे अंगाला चिकटलेले, खाली पेटीत पाणी साचलेलं, आणि त्या वाऱ्यात तो वास सगळ्या रांगेवर पसरला. आनिएल्लोने चादर माझ्याकडून घेतली, घडी केली, काखेत धरली. त्याला कळलं होतं. आणखी दोन वर्षं. आणि ती कशासाठी, तेही.

"हे असं होतं कधीकधी," बियाजो म्हणाला, पण आमच्याकडे न बघता. "झाकतो मी."

"थांब," मी म्हटलं.

कारण मला दिसलं होतं. नुन्झियाला पेटीत मी ठेवलं होतं. आंघोळ मी घातली, केस मी विंचरले, दोन्ही हात छातीवर मीच जोडले. जपमाळ दोन्ही मनगटांभोवती तीनदा गुंडाळली आणि गाठ मारली. सुटू नयेत म्हणून घट्ट मारली, कोळणी मारतात तशी.

जपमाळ छातीवरच होती. तीन वेढे. गाठ जशीच्या तशी, मी मारलेली, सुटलेली नाही, तुटलेली नाही. त्या वेढ्यांत डावा हात होता.

उजवा हात तोंडावर होता. बोटं गालात रुतलेली, तळवा ओठांवर गच्च दाबलेला. मळमळून आलं की बाई दाबते तसा.